घर स्वस्त आहे हो, पण पाणी?

मैत्रिणींनो, "नगरला स्वस्तात घर कुठं मिळेल हो?" असं हल्ली मला कुणी ना कुणी विचारतंच. कारण मागच्या वर्षी चार महिने आम्ही दुसरं काही केलंच नाही! बावीस वर्षं माळीवाड्याकडच्या एका जुन्या वाड्यात, दोन खोल्यांत भाड्यानं काढली. वाडा पाडायचं ठरलं आणि बिऱ्हाड हलवायची वेळ आली. गाठीला ह्यांची थोडी शिल्लक आणि माझ्या चार पाटल्या. मग दर रविवारी डबा बांधायचा आणि घरं बघायला निघायचं.

चला, तुम्हालाही ती फेरी घडवते. जिल्हा लहानसहान नाही बरं का! क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा, १४ तालुक्यांचा. २०२४ साली नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च बसलंय.

पहिल्यांदा शहर. सावेडीला शाळा, दवाखाने, रुंद रस्ते, सगळं हाताशी. म्हणून भावही चढे. तिथलं लहानात लहान घरसुद्धा आमच्या आवाक्याबाहेरचं. पुढं एमआयडीसीच्या अंगाला बोल्हेगाव-नागापूरकडं, नाहीतर पुणे रस्त्याला केडगावकडं गेलं, की आकडे खाली येतात. हे लगेच खूश झाले. मी म्हटलं, "थांबा, वही काढते." समजा हप्ता महिना २,००० रुपयांनी कमी बसला. पण दोघं मुलं आणि मी, तिघांची शहरात रोजची ये-जा. माणशी ४० रुपये धरले, तरी २५ दिवसांचे झाले ३,०००. म्हणजे स्वस्त घर हजारानं महागच पडलं की! तेव्हा मुलांची शाळा जवळपास आहे का, हे आधी बघा.

भिंगारला एक घर फारच कमी किमतीत सांगितलं. पण भिंगार म्हणजे छावणी. तिथं काही जागांची जमीन सरकारच्या मालकीची असते. घर विकत घेतलं, म्हणून खालची जमीन आपली झाली असं नाही. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आणि पाणी! शहराला पाणी येतं राहुरीजवळच्या मुळा धरणातून. ते पंपानं चढवावं लागतं. वीज गेली की नळाचं वेळापत्रक कोलमडलंच. एका नव्या इमारतीत विकणारे गृहस्थ म्हणाले, "बोअर आहे की वहिनी." मी मुद्दाम शेजारच्या दारात गेले. चार पिंपं ओळीनं मांडलेली. त्या बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही मे महिन्यात बघायला या." मी जिना उतरले ती परत चढले नाही. तेव्हापासून नेमच केला : आधी शेजारणीची पिंपं मोजायची, मग घराच्या खोल्या.

उत्तरेकडं राहाता, कोपरगाव म्हणजे कालव्याचा मुलूख. शिर्डीला तर विचारूच नका. २०१७ साली काकडीला विमानतळ झाला, २०२२ साली नागपूरहून समृद्धी महामार्ग येऊन पोचला. भक्तांना रोजावर खोली देणं परवडत असताना महिन्याच्या भाडेकरूला कोण विचारतो? आडबाजूच्या गावात प्लॉट स्वस्त मिळतो, पण खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल खणून मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर भिंतींना तडे. प्लॉटवर वाचवलेला पैसा पायात जातो.

पश्चिमेला अकोले. भंडारदऱ्याचा हिरवा डोंगर बघून माझ्या जावेला वाटलं, इथंच एक गुंठा घ्यावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, टुमदार घर सहज होईल! पण त्या भागात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ, आणि त्या बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाहीत. कुणी नोटरीच्या कागदावर 'स्वस्तात' देऊ लागला, तर दोन्ही हात जोडून परत फिरा.

शेवटी पूर्वेला, पाथर्डी तालुक्यात ह्यांच्या मावशीकडं गेलो. तिथं जागेला सगळ्यांत कमी भाव. मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं धाबं; उन्हाळ्यात आत कसं गार वाटतं! पण गल्लीतली निम्मी दारं कुलूपबंद. माणसं ऊसतोडीला गेलेली. कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाची कोपी उभारतात आणि चार-सहा महिने त्यातच संसार. जिल्ह्यातलं सगळ्यांत स्वस्त घर कोणतं विचाराल, तर ते हे. तिथं पहाटे अंधारात पाणी भरते ती बाई, आणि कोयता घेऊन फडात जाते तीही तीच. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला मूळ अनुदान १,२०,००० रुपये आहे. मावशींच्या शेजारणीचं त्यातून जोतं आलंय, भिंती अर्ध्या झाल्यात. "पुढच्या हंगामाची उचल मिळाली, की स्लॅब टाकू," म्हणाली. घरी येईपर्यंत मी गप्पच होते.

आम्ही शेवटी केडगावला दोन खोल्यांचं घर घेतलं. सर्वांत स्वस्त नव्हतं. पण आत नळ आहे, शाळा चालत जाण्याजोगी आहे. पाटल्या गेल्या. म्हणून मी एकच हट्ट धरला : घर माझ्या नावावर. २०२१ सालापासून राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घराला २०,००० रुपये वाचतात. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अटही २०२३ साली गेली. सवलतीचा आकडा ऐकल्यावर ह्यांनी फारशी कुरकुर केली नाही!

तुम्हीही निघाल तेव्हा वही बरोबर न्या. पहिल्या पानावर पाणी, दुसऱ्यावर शाळा आणि रिक्षा, तिसऱ्यावर कागदपत्रं. किमतीचा आकडा चौथ्या पानावर लिहिला तरी चालेल. आणि हो, घर बघायला शक्यतो उन्हाळ्यातच जा.