पन्नास मिनिटं फक्त!

आमच्या राजोडीहून नालासोपारा स्टेशन सात-आठ किलोमीटर. रिक्षा पटकन मिळाली तर अर्धा तास, नाही मिळाली तर देवाची कृपा. त्यामुळे अंतर आणि वेळ यांचं गणित मला लहानपणापासून येतं, असा माझा समज होता.

सप्टेंबर 2018. मी मित्रांबरोबर लेहला. प्रीपेड मोबाइल तिथे मुका, म्हणून सोमवारी संध्याकाळी गेस्ट हाउसच्या फोनवरून सहज घरी फोन लावला. आई म्हणाली, ‘‘बाबांना वसईला ॲडमिट केलंय. बुधवारी सकाळी बायपास आहे. तू घाबरू नकोस.’’ आई ‘घाबरू नकोस’ म्हणाली की काय होतं, तुम्हाला माहितीये!

सीट मिळाली ती मंगळवारची, व्हाया श्रीनगर. लेह ते श्रीनगर सरळ रेषेत साधारण 255 किलोमीटर, विमानाला जेमतेम पन्नास मिनिटं. म्हणजे संध्याकाळी वसईत. टेन्शन खल्लास!

पण लेहचा विमानतळ 10,682 फुटांवर, चहूबाजूंनी डोंगर. हवा इतकी विरळ की विमानाला उचलायलाच जास्त जोर लागतो. दुपारी वारे सुटतात, म्हणून विमानं सकाळीच. त्या सकाळी ढग खाली उतरले. श्रीनगरहून आलेलं आमचं विमान डोक्यावर घिरट्या घालून, न उतरताच परत गेलं. आवाज ऐकू आला, विमान दिसलं नाही.

शेजारी बसलेल्या निवृत्त फौजी काकांनी चहा पाजला आणि 24 मे 1948ची गोष्ट सांगितली. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी श्रीनगरहून डकोटा आणून सिंधूकाठच्या वाळूतल्या कच्च्या धावपट्टीवर उतरवलं. लेहमधलं ते पहिलं विमान. ‘‘नकाशाही धड नव्हता,’’ काका म्हणाले. एरवी मी भारावून गेलो असतो. त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होतो.

शेवटी शेअर टॅक्सी पकडली. रस्त्याने तेच अंतर चारशेवीस किलोमीटर! साडेतेरा हजार फुटांवरचा फोटू ला, रात्री कारगिल, सकाळी द्रास, मग झोजी ला. तिथे ट्रकच्या रांगेत आम्ही दोन तास उभे. घड्याळात साडेदहा वाजले होते. बाबा आत गेले असतील. खाली खोल दरी, बाजूला बर्फाचे डोंगर, आणि मला मात्र नालासोपाऱ्याचा जिना आठवत होता.

वसईला पोचलो गुरुवारी दुपारी. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. दोन दिवसांनी बाबा जरा बोलायला लागले.

‘‘विमानाला किती वेळ लागतो रे?’’

‘‘पन्नास मिनिटं.’’

‘‘आणि तुला?’’

‘‘दोन दिवस.’’ मी मान खाली घातली. ‘‘वेळेवर नाही पोचलो, बाबा.’’

ते हसले. टाके दुखले, तरी हसले. ‘‘तू झालास त्या दिवशी वसईला गाडी बंद पडली. पुढे रुळांवर पाणी. नालासोपाऱ्यापर्यंत रुळांवरून, तिथून राजोडी, सगळं चालत. आलो तेव्हा तू झोपला होतास. मला कुठे विचारलंस, उशीर का झाला म्हणून?’’

तीस वर्षं चर्चगेटला अपडाउन केलेल्या या माणसाने ही गोष्ट कधीच सांगितली नव्हती.

आता मी कुठेही गेलो की बाबांचा फोन ठरलेला. ‘किती वाजता पोचशील’ असं ते विचारत नाहीत. ‘निघालास का,’ एवढंच.