सहीखाली शिक्का द्या, साहेब

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या बँकांच्या शाखा व्यवस्थापकांस,


तुमच्या केबिनबाहेर सत्तरी ओलांडलेली माणसं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जुन्या कागदी शेअरसाठी सही पडताळून द्यायचा आयएसआर-२ नावाचा फॉर्म घेऊन बसलेली असतात. ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका, एवढ्यासाठी हे पत्र.

हे शेअर सट्ट्याचे नव्हेत. १९७३च्या फेरा कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपले भाग भारतीयांना विकावे लागले, १९७७ मध्ये रिलायन्सचा इश्यू आला. त्या काळात लोकलनं नोकरीला जाणाऱ्यांनी पगारातून वाचवून दहा-वीस शेअर घेतले आणि प्रमाणपत्रं गोदरेजच्या कपाटात ठेवली. आता १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकायचे तर आधी डीमॅट करावे लागतात. तिथे कंपनीचा रजिस्ट्रार कळवतो, सही जुळत नाही.

जुळणार कशी? अशा एका फॉर्मवरची सही मी जवळून पाहिली आहे. शेअर घेतानाच्या जुन्या अर्जावर शाईच्या पेननं ऐटीत काढलेलं देवनागरी पूर्ण नाव, खाली दुहेरी रेघ. आजच्या सहीत आडनावाची अक्षरं एकमेकांवर चढलेली, रेघ अर्ध्यावर सुटलेली. पार्किन्सननं हात थरथरतो. माणूस तोच आहे, आणि हे सांगू शकणारी एकच जागा म्हणजे त्याचं पेन्शन दरमहा जमा करणारी तुमची शाखा.

सही खोटी निघाली तर आपण अडकू, ही तुमची भीती मला कळते. अमेरिकेत १९९२ पासून सहीची हमी देणाऱ्या मेडॅलियन शिक्क्याची पद्धत रुळली आहे. तिथे सही खोटी निघाली तर शिक्का देणारी बँक नुकसानीला जबाबदार असते, म्हणून शिक्क्यावर रकमेची मर्यादा असते आणि बँका सहसा स्वतःच्या खातेदारालाच तो देतात. न्यू जर्सीतली आपली मुलंही त्यासाठी शाखा शोधत फिरतात. पण आयएसआर-२ ही तशी हमी नव्हे. सही बँकेतल्या नोंदीशी जुळते, इतकंच त्यात तुम्ही लिहून देता. चेक वटवताना तुमचा कारकून हेच काम रोज करतो.

नोंदीतली सहीही जुनी असेल, तर आधी नवी नमुना-सही घ्या, मग फॉर्म. विलीनीकरणात शाखेचं नाव आणि आयएफएससी बदललं असेल, तर फॉर्मसोबत जोडायला नवीन नावाचा चेक तेव्हाच मागवून द्या. संयुक्त धारकांमध्ये आजी घराबाहेर पडू शकत नसतील, तर एखादा अधिकारी घरी पाठवा. डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) या बँका इथल्याच लोकांच्या ठेवींवर उभ्या राहिल्या. त्यांनी पुढाकार घेतला तर बाकीच्यांना नाही म्हणणं जड जाईल, असं मला मनापासून वाटतं.

उशीर महागात पडतो. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात, आणि तिथून ते सोडवणं म्हणजे आणखी कागद, आणखी वाट पाहणं.

आणि शिक्का माराल तेव्हा सहीखाली तुमचं पूर्ण नाव आणि एम्प्लॉयी कोडही लिहा. तो रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत येतो, आणि आजोबांना पुन्हा तुमचे जिने चढावे लागतात.

आपला,
एक खातेदार, डोंबिवली पूर्व