सैल हात

डोंबिवलीच्या आमच्या घरात डबल बास हे भलंमोठं तंतुवाद्य उभं केलं की खोली निम्मी भरते. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, वादन थांबलं, आणि मी डावा हात न्याहाळत बसलो. सुमारे 105 सेंटिमीटरच्या जाड तारा; वाटतं, चिमटीतच बळ हवं. पण खांद्यापासून अख्खा हात सैल सोडला की त्याचंच वजन तारेवर उतरतं, अंगठा मागे नुसता टेकलेला. फ्रांटिशेक सिमांडल या बासवादकाच्या पद्धतीत खालच्या सुरांना तिसरं बोट स्वतंत्र वापरत नाहीत, ते चौथ्याला साथ देतं. मला ही साथ फार आवडते.

ठाण्यापर्यंत लोकलची कडी धरलेला हात मात्र सैलावत नाही. तो ताण पुढे कुठे साठतो?

आज तार हलकेच दाबली. सूर थोडा खरखरला. उद्या अंगठा उचलूनच वाजवून बघणार आहे.