समुद्रापासून दूरचे खारे पाणी

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्राचे भय शिकवावे लागत नाही. भरतीचे पाणी खाजणात किती आत शिरते, बांध कोठे खचला आहे, उधाण आले तर कोणते घर आधी रिकामे करावे लागेल, हे कोकणातील लहान मूलही सांगते. हवामान बदलत आहे, समुद्राची पातळी चढत आहे, अशी वार्ता कानी आली की सर्वांचे लक्ष प्रथम किनाऱ्यावरील गावांकडे वळते; आणि ते योग्यच आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातील खामगावी बसून ही वार्ता वाचणाऱ्यास वाटते, 'आपला आणि समुद्राचा संबंध काय? तो तर येथून सुमारे 400 किलोमीटर दूर!'

खामगाव ही कापसाची जुनी पेठ. या कापसासाठीच 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. कापूस पिकविणारी काळी माती उत्तरेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरत जाते. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत हिंडणाऱ्या तहानलेल्या वाटसरूने एखाद्या विहिरीचे पाणी ओंजळीत घ्यावे, तर ते दिसते नितळ, पण जिभेला लागते खारट! हाच तो खारपाणपट्टा. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. समुद्र येथे नाही. त्याची चव मात्र आहे.

हे खारे पाणी शेतीला दिले की त्यातील क्षार जमिनीत साचतात. सोडियममुळे मातीचे कण फुटून दाटतात, पाणी मुरेनासे होते, आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी कठीण होतात. म्हणून विहीर काठोकाठ भरलेली असूनही पीक तहानलेले राहते. येथील शेतकऱ्याचा सारा भरवसा आकाशावर. पावसावर कापूस, तूर, मूग पिकवावेत आणि मातीत उरलेल्या ओलीवर हरभरा घ्यावा, हीच येथील पिढ्यान् पिढ्यांची रीत.

आणि आता तो भरवशाचा पाऊसच लहरी झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. त्यांना लागणारे बाष्प प्रामुख्याने तापलेल्या अरबी समुद्रावरून येते. 2023 च्या जुलै महिन्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी असा पूर अनुभवला. खामगावच्या परिसरातील पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रास मिळते. आणि त्याच समुद्राचे बाष्प ढगांच्या रूपाने येथे येते. मग समुद्र दूर कसा म्हणावा?

कोणत्या गावाला या बदलाची झळ अधिक लागेल, हे ठरविण्यासाठी अभ्यासक तीन गोष्टी पाहतात. गाव संकटाच्या वाटेत किती आहे? संकट आले तर त्याला इजा किती होईल? आणि इजा झाल्यावर सावरण्याचे बळ त्याच्यापाशी किती आहे? किनाऱ्यावरील गावाला विचारावयाचे की, तुझी घरे भरतीरेषेपासून किती उंच आहेत, तुझे सारे पोट मासेमारीवरच आहे काय, वादळाची सूचना तुला वेळेवर मिळते काय? खारपाणपट्ट्यातील गावाला विचारावयाचे की, पावसात खंड किती दिवसांचा पडतो, गोड्या पाण्याचा दुसरा साठा आहे काय, एक हंगाम बुडाला तर दुसरा उभा करण्यास हाती काय उरते? प्रश्न निरनिराळे, माप मात्र एकच. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला, तेव्हा सुमारे 5000 गावांत दुष्काळी गावांबरोबर पूर्णेच्या खोऱ्यातील खारी गावेही घेतली ती याच विचाराने.

माप मात्र प्रामाणिक हवे. गावाची सरासरी काढली की सधन शेतकऱ्याचे शेततळे आणि मजुराचा रिकामा हंडा एकाच आकड्यात मिसळून जातात. ज्याच्या नावे जमीन आहे, त्याच्या पिकाचे नुकसान कागदावर येते. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहावयाची? कोळीवाड्यातील जाळे विणणाऱ्या बाईची आणि खारपाणपट्ट्यात कापूस वेचणाऱ्या बाईची गत येथे एकच आहे. मदत कोणास आधी पोहोचावी हे ज्या मोजणीवरून ठरते, तिच्यातून दुर्बल मनुष्यच गळाला, तर ती मोजणी कितीही सुबक असली तरी व्यर्थच होय.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. ज्या चिकण मातीने पाणी मुरू न देण्याचा हट्ट धरला, तीच माती शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी जपून ठेवते. खाली खारे पाणी, वर गोडे पाणी आणि मध्ये मातीचा जाड पडदा! पावसाने महत्त्वाच्या वेळी पाठ फिरविली, तर त्या तळ्यातील एक-दोन पाळ्यांनी हरभरा तगतो. रुंद वरंबा व सरी पाडून पेरणी केली, तर अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते आणि थोड्या पावसाची ओल वरंब्यात टिकते.

आपले गाव कोठे दुबळे आहे हे जाणणे, ही त्या गावाची निंदा नव्हे. वैद्य नाडी पाहतो तो रोग्याला हिणविण्यासाठी नव्हे. कोकणातला बांध कोठे खचला आहे हे पाहणारे डोळे आणि पूर्णाकाठची विहीर किती खारी झाली हे चाखणारी जीभ, दोहोंचे काम एकच: संकट दाराशी येण्यापूर्वी, सर्वांत शेवटच्या घरासकट साऱ्या गावाला जागे करणे.