डोळ्यांच्या जागी नळकांडी

एक सपाट लाकडी फळी. तिच्यावरची उभी पट्टी म्हणजे नाक, आडवे ठोकळे म्हणजे ओठ आणि डोळ्यांच्या जागी फळीतून सरळ बाहेर आलेली नळकांडी. लायबेरिया व आयव्हरी कोस्टच्या किनारपट्टीतील ग्रेबो लोकांचा हा मुखवटा. मानवी डोळा खोबणीत असतो. इथे तो पुढे सरसावतो. तरीही आपण त्याला डोळाच म्हणतो, ते साम्यामुळे नव्हे, तर स्थानामुळे. नाकाच्या दोन्ही बाजूंना असणे, एवढ्याने नळकांड्याचा डोळा होतो.

पिकासोने १९१२ च्या ऑगस्टमध्ये मार्सेय येथे असा मुखवटा मिळवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुठ्ठ्याची गिटार घडवली. गिटारीचे पोकळ भोक तिथे बाहेर आलेली नळी होऊन अवतरते. हा धागा जोडला तो त्याचा कलाविक्रेता कानवायलर याने. पुढे ईव्ह-आलँ ब्वा या समीक्षकाने तो सोस्यूरच्या चिन्हविचारापर्यंत नेला. ‘झाड’ या शब्दात झाडासारखे काहीच नसते, हे वर्गात सांगून सांगून गुळगुळीत झालेले उदाहरण. त्यापेक्षा या मुखवट्याचे छायाचित्र विद्यार्थ्यांना लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

मात्र या कथनात सोस्यूर अर्धाच येतो. चिन्ह यादृच्छिक असते, हे सारे उत्साहाने सांगतात. यादृच्छिक असल्यामुळेच ते समाजाच्या संकेतावर तगते, हा त्याचा उत्तरार्ध. मग हा संकेत कोणाचा? नळकांड्याला डोळा मानणारा समाज मार्सेयच्या दुकानात नव्हता. पॅरिसला मिळाली ती रचना. तिच्यामागचा व्यवहार किनाऱ्यावरच राहिला. कोरणाऱ्याचे नाव तर आपल्या हाती नाहीच, आणि समीक्षेला त्याची फारशी रुखरुखही नाही.

नेमक्या त्याच काळात, १९१३ मध्ये, विल्यम वेड हॅरिस हा ग्रेबो धर्मोपदेशक लायबेरियातून आयव्हरी कोस्टमध्ये पायी निघाला. जुन्या पूजावस्तू जाळायला लावून त्याने एक लाखाहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला, असे मानले जाते. १९१४ च्या अखेरीस फ्रेंच सत्तेने त्याला हद्दपार केले. हॅरिसच्या त्या होळीचे समर्थन मला करायचे नाही. पण लाकडी वस्तूत सामर्थ्य असते, ती कोणाशी तरी बोलते, हे गृहीत धरल्याशिवाय ती जाळण्याची निकड कोणाला भासणार? पॅरिसच्या स्टुडिओत भिंतीवर टांगलेल्या मुखवट्याची अशी धास्ती कोणालाच नव्हती.