आठवा सर्व्हर

‘रिमोट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन टूल’ हे नाव भारदस्त आहे, काम मात्र कारकुनी. आमचं वेब अ‍ॅप्लिकेशन चौदा सर्व्हर्सवर चालतं. नवी आवृत्ती आली की चौदाही ठिकाणी तीच फाईल ठेवायची, टॉमकॅट बंद करून पुन्हा चालू करायचा आणि लॉगमध्ये काही आरडाओरडा नाही ना ते बघायचं. पंचेचाळिशीचे एक सीनिअर सर हे रात्री अकरानंतर हातानं करायचे. प्रत्येक सर्व्हरवर एसएसएचनं लॉगिन, त्याच सहा कमांड्स, एकूण तीन तास. ते सगळं एका कमांडवर आणायचं काम माझ्याकडे आलं. याचा अर्थ काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

कोड अवघड नव्हता. (अन्सिबल का नाही, असं विचाराल. परवानगी मिळेपर्यंत माझं पायथॉनमध्ये लिहून झालं असतं, आणि झालंही.) अवघड होतं ते सरांच्या डोक्यात होतं. “तिसऱ्याला घाई करू नकोस, डिस्क जुनी आहे, उठायला चार मिनिटं घेतो.” “नवव्यावर जावाची आवृत्ती वेगळी आहे बघ.” ते सांगत गेले, मी कॉन्फिग फाईलमध्ये उतरवत गेले. एकदा म्हणाले, “सगळं सांगून झाल्यावर मी काय करायचं गं?” मी चहा आणायला उठले.

त्यांची अट एकच होती: पहिल्या सर्व्हरनंतर टूलनं थांबायचं, माणसाला विचारायचं. मॅनेजर म्हणाले, मग ऑटोमेशन कसलं?

मी त्यांना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. १ ऑगस्ट २०१२. शेअर बाजारात ऑर्डर्स पाठवणारा नवा कोड या अमेरिकी कंपनीच्या आठपैकी सातच सर्व्हर्सवर पोचला होता. आठव्यावर जुना, कधीच वापरातून गेलेला कोड तसाच होता, आणि नव्या कोडसाठी वापरलेल्या फ्लॅगनं तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर्सहून जास्त बुडाले. दुरुस्ती म्हणून त्यांनी त्या सात सर्व्हर्सवरचा नवा, बरोबर कोड काढून टाकला; मग तेही आठव्यासारखेच वागायला लागले! हाताच्या कामात एक सर्व्हर सुटतो, आणि घाईत घेतलेला चुकीचा निर्णय सगळीकडे पोचतो. माझं टूल पहिल्यावर उपाय होतं. दुसरं ते आणखी वेगानं करू शकलं असतं.

थांबा राहिला. आता टूल चौदाही फाईल्सचे चेकसम जुळवतं, पण पहिल्या सर्व्हरनंतर ‘हो’ टाइप केल्याशिवाय पुढे सरकत नाही. एका रिलीजला पाऊण तास लागतो. सरांचं पद पुढच्या वर्षी असेल की नाही, यावर अजून बैठका चालू आहेत.

गेल्या रिलीजला टूल थांबलं. सर दहाएक मिनिटं लॉग वाचत बसले. “डेटाबेसची कनेक्शन्स परत येत नाहीयेत,” म्हणाले आणि ‘नाही’ टाइप केलं. चेकसम बरोबर होता. तेरा सर्व्हर्स जुन्याच आवृत्तीवर चालू राहिले.