बोटांनी ओळखलेली बाग

वऱ्हाडात बाग राखायची म्हणजे वर्षातले चार महिने उन्हाशी झुंजायचे. होळी झाली की अमरावती-अकोल्याचे ऊन दाराशी येऊन बसते ते मृगापर्यंत हलत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला, तर आम्हांला त्याचे नवल वाटत नाही. मोगरा आणि गुलाब सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी माना टाकतात. आणि दोन वेळा घालण्याइतके पाणी घरात असतेच असे नाही. अशा मुलखात खिडकीच्या कट्ट्यावर, दोन ओंजळी मातीत जगणाऱ्या रसाळ वनस्पतींना मोल येते ते केवळ शोभेमुळे नव्हे. सक्युलंट या नावाने आज विकली जाणारी ही झाडे पानांत किंवा खोडात पाणी साठवून ठेवतात. कोरफड, पानफुटी, घायपात, निवडुंग ही त्यांतली आपल्या जुन्या ओळखीची. जेड, हावर्थिया, स्नेक प्लँट ही नर्सरीतून अलीकडे घरात आलेली.

आमच्या घरी ही झाडे आली ती आईच्या डोळ्यांमुळे. अमरावतीच्या कॅम्पातल्या घराभोवती तिने तीस वर्षे बाग राखली होती. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणली, तेव्हा २०१२ साली आम्ही तिला अकोल्याला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आणले. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते. ते तिने शांतपणे ऐकून घेतले. मात्र त्यानंतर बागेचा विषयच तिने टाकून दिला. प्रार्थना, जेवण आणि रेडिओ यांपलीकडे तिच्या दिवसाला काही आकार उरला नाही. सामानात तिने कोरफडीचे एक पिल्लू आणि जुन्या वहीत ठेवलेली पानफुटीची दोन पाने तेवढी आणली होती.

वहीतल्या पानाच्या कडेला अंकुर फुटतात, हा आपल्याकडील प्रत्येक शाळकरी मुलाने केलेला प्रयोग आहे. एका सकाळी आईने वही उघडली आणि पानाच्या कातरलेल्या कडेवरून बोट फिरवले. प्रत्येक खाचेत एक इवलासा कोंब तिच्या बोटाला लागला. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिने माती मागितली.

मातीचाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. वऱ्हाडची काळी माती ओल धरून ठेवते; पावसाने ओढ दिली तरी पऱ्हाटी तग धरते ती त्याच ओलीवर. कुंडीत मात्र हाच गुण घातक ठरतो. रसाळ झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि चिकट काळ्या मातीत ती गुदमरून कुजतात. म्हणून आईने एक भाग माती व शेणखत आणि दोन भाग जाड वाळू व विटांचा चुरा असे मिश्रण करवून घेतले. ते ती मुठीत दाबून पाही. मूठ उघडताच ढेकूळ विस्कटले तर माती योग्य. लाडवासारखी वळली तर आणखी वाळू.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथले भूजल खारे. असे पाणी झाडांना घातले की कुंडीच्या कडेला पांढरे पापुद्रे धरतात आणि पानांची टोके करपतात. आम्ही पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी भरून ठेवीत असू. ते संपले की काटेपूर्णा धरणातून येणारे नळाचे. नळ कधी चार-पाच दिवसांनी येई, पण या झाडांनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही.

पाणी कधी घालायचे याचे वेळापत्रक आईने कधीच ठरवले नाही. ती पान चिमटीत धरी. टणक, भरलेले असले तर पाण्याची गरज नाही. किंचित मऊ पडले, त्यावर सुरकुती लागली, तर आहे. मग बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाली आणि शेवटी कुंडी उचलून तिचे वजन पाही. या तिन्ही साक्षी जुळल्या तरच पाणी. तेही बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि त्यानंतर पुन्हा कोरडे होईतो काही नाही. घरातली सक्युलंट तहानेने क्वचित मरतात, मरतात ती बहुधा मायेने घातलेल्या पाण्याने. पान मऊ आणि त्याखालची माती ओली असेल, तर ती तहान नसून कूज असते. डोळस माणसाला कोमेजलेले पान दिसते आणि तो तांब्या उचलतो. आई मात्र आधी हात लावून पाही.

तिच्या आणखी एका परीक्षेला तर दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पानफुटीच्या पानाचा तुकडा ती पहाटे जिभेला लावी आणि थुंकून टाकी, तसाच दुपारी. (पान गिळू नये, ते विषारी आहे.) पहाटे ते चिंचेसारखे आंबट लागे, दुपारी बेचव. हेच निरीक्षण भारतात राहिलेले जर्मन मिशनरी व वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले होते. कारणाचा उलगडा पुढे झाला. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात आणि त्यातून त्यांचे पाणी उडून जाते. पानफुटीसारखी झाडे दिवसा रंध्रे मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात ते वापरतात. पहाटेची आंबट चव ही त्या रात्रीच्या कमाईची.

यातूनच वऱ्हाडच्या उन्हाळ्याचे एक रहस्य कळते. मे महिन्यातल्या रात्रीही तापलेल्या असतात. अशा रात्री कित्येक रसाळ झाडे रंध्रे धड उघडत नाहीत, वाढ थांबवून नुसती तग धरतात. तेव्हा त्यांना खत नको, भरपूर पाणी नको. पूर्वेची खिडकी आणि कूलरच्या झोतापासून दूर जागा पुरे. थंड हवेच्या गावांतून येणारी गुलाबाकृती इचेव्हेरिया इथे हिवाळ्यात मिरवते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात सडते. कोरफड, स्नेक प्लँट, पानफुटी आणि जेड म्हणून आपल्याकडे विकली जाणारी पोर्तुलाकेरिया ही मात्र टिकतात. चिवडुन्या रंगाने रंगवलेली किंवा डिंकाने वाळकी फुले चिकटवलेली झाडे विकत घेऊ नयेत. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही.

सजावटीतही आईचे स्वतःचे मत होते. भोक नसलेल्या सुबक भांड्यात झाड लावायला तिचा विरोध असे. झाड साध्या भोकाच्या कुंडीत, आणि ती कुंडी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत किंवा कल्हई गेलेल्या पितळी डब्यात, अशी तिची मांडणी. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढता येई. मातीवर पांढरे गोटे पसरायला तिने नकार दिला, कारण मग बोट मातीपर्यंत पोहोचत नाही. कट्ट्यावर डावीकडून उजवीकडे खरखरीत, गुळगुळीत, दातेरी, टोकदार असा तिचा क्रम होता. पाहणाऱ्यालाही तो सुंदर दिसे. रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामातील बायका घरी येत, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात पानफुटीचे एक पान असे.

एकच झाड तिच्याजवळ रमले नाही. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाचे नाव मिळालेले ते झाड मूळचे मादागास्करचे. त्याच्या खोडावर काटे, आत त्वचेला झोंबणारा पांढरा चीक, आणि वर लहान तांबडी फुले. त्याला दिवसभराचे ऊन हवे. आमच्या खिडकीत ते नुसते लांबत गेले, फुलले नाही. “याला बाहेर जागा द्या रे, हे घरातलं नाही,” असे ती म्हणे. बाल्कनी नसलेल्या घरात बाहेर म्हणजे कुठे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आई २०१९ च्या फेब्रुवारीत गेली. शेवटच्या आठवड्यांत तिला उठवत नसे, तेव्हा आम्ही एकेक कुंडी तिच्या अंथरुणाशी नेत असू. ती पान दाबून फक्त “आज नको” किंवा “घाल” एवढेच सांगे. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळ्यांनी थडग्यांवर झेंडूच्या माळा वाहिल्या. आम्ही काटेरी मुकुटाची कुंडी नेली आणि तिच्या थडग्याच्या पायथ्याशी ते झाड जमिनीत लावले. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात ते पाने गाळते आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा धरते. पंधरा दिवसांतून एकदा आमच्यापैकी कुणीतरी तिथे जाते, काटे चुकवून एक पान चिमटीत धरून पाहते. बहुतेक वेळा पाणी न घालताच परत येते. आता ते बारा महिने फुललेले असते.